न्यूरेंबर्गची पायरी

परवा माझी नात कपाट आवरायला आली. आवरायला म्हणजे एकेक वस्तू बाहेर काढून “आजी, हे का ठेवलंय?” असं विचारायला. एक करडा लोकरीचा कार्डिगन हातात धरून ती म्हणाली, “आजी, ह्या स्लीव्हवर धागा वेगळी आहे. कलर मॅच नाही झाली. यू मिस्ड इट.”

“मिस नाही केलं. मुद्दाम आहे. उलटा करून बघ.”

तिने उलटा केला, बोट फिरवलं आणि म्हणाली, “आतून नाइस आहे. बट आत कोण बघतो?”

आत बघणारी एक बाई होती. इर्मा तिचं नाव. कार्डिगन तिचाच.

हे ऐंशीच्या दशकातलं सांगते आहे. मी तेव्हा चाळिशीची होते आणि फार शहाणी होते. आता पंचाहत्तरी उलटल्यावर तितकी राहिले नाही, पण तेव्हा होते. लंडनमध्ये हॅरोत स्वतःचं घर, नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, दोन मुली शाळेत, आणि पुण्याच्या शिवणक्लासचा डिप्लोमा फ्रेम करून जिन्यात लावलेला. मुली शाळेत गेल्यावर दिवस खायला उठायचा, म्हणून आमच्या डॉक्टरांच्याच हॉस्पिटलातल्या शिवणखोलीत मी अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. आमच्या ओळखीतल्या, स्टॅनमोरच्या विजूताईंना हे कळल्यावर त्यांनी फोनवर हळूच विचारलं, “सुमन, डॉक्टरांचं बरं चाललंय ना गं सगळं?” डॉक्टरांच्या बायकोने हॉस्पिटलच्या चादरी शिवणं म्हणजे त्यांच्या लेखी घरावर काहीतरी संकट आलेलं असणार.

शिवणखोली तळघरात होती. डोक्यावरून गरम पाण्याचे पाइप गेलेले, दोन मशिन्स, एक लांब टेबल आणि टेबलाच्या टोकाला इर्मा. साठीची, उंच, हाडकुळी, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. जर्मन होती. लढाईनंतर एका इंग्रज सैनिकाशी लग्न करून इकडे आली, तो बिचारा लवकर गेला, मूल नाही. आमचं बोलणं सगळं इंग्रजीतच चालायचं. मराठीत लिहिताना मी तिला एकेरीत लिहिते आहे, कारण पहिल्याच दिवशी मी “मिसेस” म्हणताच तिने हातातली कात्री वर करून सांगितलं होतं, “इर्मा.” मी सुमन म्हटलं, त्याचं तिने “सूमान” केलं, आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं.

पहिल्या दिवशी तिने मला एक उशीची खोळ दिली आणि तुरपाई घालायला सांगितली. मी डिप्लोमाला शोभेल अशी घातली, इस्त्रीसारखी सरळ, आणि तिच्यापुढे ठेवली. तिने ती बघितलीच नाही. आधी उलटी केली. आत माझ्या गाठी, धाग्यांची टोकं, एकीकडे कापडाला चुणी. तिने सगळी शिलाई उसवली आणि खोळ परत माझ्याकडे सरकवली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा म्हणाली, “पुढून सगळेच छान दिसतात, सूमान.”

हे तिचं पालुपद होतं. कुणी नवा कोट दाखवायला आलं, की ती आधी अस्तर उचलून बघायची. नव्या मेट्रनला भेटताना तिच्या कॉलरची आतली बाजू बघितली होती म्हणे. दिवाळीत मी तिला घरी फराळाला बोलावलं. जिन्यात थांबून तिने माझा डिप्लोमा खिळ्यावरून काढला आणि फ्रेम उलटी केली. मागे बारा वर्षांची धूळ आणि एक वाळलेला कोळी. तिने रुमालाने पुसून फ्रेम पुन्हा टांगली आणि चकली घेतली. आमचे डॉक्टर त्या दिवशी जेवढे हसले, तेवढं मी त्यांना लग्नातही हसताना पाहिलं नव्हतं.

खाण्याच्या बाबतीत तिचं आपलं ठरलेलं. ब्रेड, काकडी, उकडलेलं अंडं. माझ्या डब्याकडे ती दोन वर्षं संशयाने बघत होती. मग एकदा लिंबाचं लोणचं बोटाला लावून चाखलं, आणि त्यानंतर दर महिन्याला माझ्याकडून एक बरणी जायची. टोस्टवर मार्मालेडसारखं पसरून खायची. मी कधी विसरले तर रिकामी बरणी टेबलावर मधोमध ठेवायची. आतून घासलेली आणि बाहेरूनही.

रफू करताना तिचा एक नियम होता. धागा कापडापेक्षा किंचित फिका घ्यायचा. मला हे पटेना. क्लासमध्ये बाईंनी शिकवलं होतं, रफू दिसला तर तो रफू कसला? मी तसं म्हणाले. ती म्हणाली, “मग पुढच्या बाईला कसं कळणार, कापड कुठे संपलं आणि आपण कुठे सुरू झालो?”

पुढची बाई मी असणार आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

तिचं एक काम असं होतं, की त्याला ती मला हात लावू देत नसे. अपघात झालेला माणूस कॅज्युअल्टीत आणला, की त्याचे कपडे कात्रीने कापून काढतात. ते नंतर पिशवीत घालून घरच्यांना देतात. इर्माने पोर्टरना सांगून ठेवलं होतं, पिशव्या लॉन्ड्रीतून आधी माझ्याकडे आणा. ते कुणाच्या नियमात नव्हतं, पण तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. कापलेल्या बाह्या, विजारी, गंजीफ्रॉक ती पुन्हा शिवून द्यायची. जगलेल्यांचे, आणि गेलेल्यांचेही.

“जो घालणारच नाही, त्याचा कशाला?” मी एकदा विचारलं. मला सगळं विचारायची सवय होती.

“पिशवी उघडणारं कुणीतरी असतं,” ती म्हणाली. “ते आत हात घालतं. हाताला कापलेली कड लागू नये.”

त्या वेळी तिच्यापुढे एका मुलीचा निळा कोट होता. पाठीवरून उभा कापलेला. इर्मा बराच वेळ शिवत राहिली आणि मग मान वर न करता बोलायला लागली. एवढं सलग ती त्याआधी कधी बोलली नव्हती. तिचं गाव न्यूरेंबर्ग. चर्चच्या मागच्या एका गल्लीत घर. आई आणि धाकटी बहीण लोट्टे. ही एकोणीस-वीस वर्षांची, गावाच्या दुसऱ्या टोकाला हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला. ज्या संध्याकाळी विमानं आली, त्या संध्याकाळी ती कामावर होती. सकाळी परत गेली तर गल्लीच नव्हती. आठ दिवस शोधलं.

“मला शिवायला काही मिळालं नाही,” ती म्हणाली, आणि धागा दाताने तोडला. एरवी ती कात्रीशिवाय धागा तोडत नसे.

मी आपली आमच्याकडची आठवण काढली. तिने मघाशी सांगितलं होतं, की आई दर शनिवारी दाराबाहेरची दगडी पायरी घासायची आणि दोघी बहिणी ओल्या पायरीवर उभ्या राहून मार खायच्या. पायरीला पायांनी मधे खळगा पडलेला. मी म्हटलं, “आमच्याकडे उंबरठ्याला हळदकुंकू वाहतात.” तिने ते नीट विचारून घेतलं. हळद कुठली, कुंकू कसं, बोटाने की मुठीने, पुसलं गेलं तर चालतं का. मी सगळं दाखवलं. तिने मान डोलावली, जणू एखादा टाका पसंत पडला.

त्यानंतर वर्षभराने आमच्या मराठी मंडळींची युरोपची सहल ठरली. कोचने आठ दिवस. हॅरो, स्टॅनमोर, इल्फर्ड, सगळीकडचे लोक. सहलीचे प्रमुख बापूसाहेब, गळ्यात शिट्टी आणि हातात यादी. त्या यादीत एका ओळीत न्यूरेंबर्ग होतं. दीड तास. ड्रायव्हरला विश्रांती द्यावी लागते म्हणून.

मी इर्माला सांगितलं. तिने हातातली आख्खी चादर शिवून संपवली. मग पेन्सिलीने एका कागदावर नकाशा काढला. चौकातलं कारंजं, चर्च, त्यामागे दुसरी गल्ली, डाव्या हाताला तिसरं घर.

“गाव पुन्हा बांधलंय म्हणतात, होतं तसं,” ती म्हणाली. “मी चाळीस वर्षांत गेले नाही. माझे पाय जात नाहीत. तू जा. आमची पायरी आहे का बघ. आणि तिथे थोडी उभी राहा, माझ्यासाठी.”

“त्यात काय,” मी म्हणाले. “हळदकुंकूसुद्धा वाहून येते.”

आता माझं शहाणपण ऐका. कोच न्यूरेंबर्गला पोचला तेव्हा साडेअकरा वाजले होते. पहिली पंचवीस मिनिटं कोचच्या मागे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि विजूताईंची कोथिंबीरवडी, कारण वडी उरली तर विजूताई दुखावतात. मग बारा वाजता चर्चच्या घड्याळातल्या बाहुल्या फिरतात, त्या बघायला हव्यात, सगळे बघतात. मग कारंज्याच्या जाळीत एक कडी आहे, ती फिरवली की इच्छा पुरी होते, म्हणून रांग. मी सोनेरी काठाची साडी, त्यावर टोपीचं जांभळं अनोरॅक जाकीट आणि पायात मोजे घालून चपला, अशा थाटात कडी फिरवली आणि इच्छा काय केली, तर थोरलीला मेडिकलला जागा मिळू दे. मग मसाल्याच्या बिस्किटांचे पत्र्याचे डबे इतके सुंदर, की एक विजूताईंना, एक शेजारणीला, एक इर्माला. इर्माला तिच्याच गावचं बिस्किट. केवढी कल्पक मी.

बापूसाहेबांची पहिली शिट्टी झाली तेव्हा पर्समधला कागद आठवला. दहा मिनिटं उरली होती.

“अहो, चला ना, चर्चच्या मागे जायचंय.”

“आता? कोच सुटेल, सुमन.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

चर्च दोन होती, हे मला माहीत नव्हतं. आम्ही जवळच्या चर्चच्या मागे धावलो. एक गल्ली दिसली. घरं लाकडी पट्ट्यांची, खिडक्यांत लाल फुलं, अगदी कॅलेंडरातली. एका दाराला दगडी पायरी होती, स्वच्छ. मी क्षणभर थांबले. नकाशा उघडलासुद्धा नाही. पर्समधला करंडा काढला, पायरीवर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. डॉक्टरांनी फोटो काढला. तेवढ्यात दार उघडून एक म्हातारी बाहेर आली, पायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले आणि साडी वर धरून पळाले. कोचमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फोटो धुऊन आला तो चांगला आला होता. मी तो इर्माला दिला, बिस्किटांच्या डब्यासकट. तिने आधी उलटा केला. मागे कोरं. मग सुलटा करून खिडकीपाशी नेला. तळघराची खिडकी, त्यात लोकांचे पाय दिसायचे. तिथे ती उभी राहिली.

“पायरीला खळगा आहे?” तिने विचारलं.

“आहे ना. मधोमध,” मी म्हटलं. “घर होतं तसंच बांधलंय गं. काही फरक नाही.” फरक कशाशी, हे मला ठाऊक असतं तर ना. पण दुःखी माणसाला बरं वाटेल असं बोलावं, हे आमच्या घरचं वळण. खोटं बोलतो आहोत असं वाटतच नाही. आजाऱ्याला आपण ‘आज तोंडावर तेज आहे हो’ म्हणतो, तसंच ते.

“आणि तू उभी राहिलीस?”

“राहिले. हात जोडून.”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं तरी.”

“चांगलं,” ती म्हणाली.

तिने तो फोटो तिच्या मशिनच्या वरच्या बोर्डावर लावला. वरून एकच टाचणी. दार उघडलं की वाऱ्याने फडफडायचा. आणि दुसऱ्या दिवशी तिने मला पहिल्यांदा कॅज्युअल्टीची एक पिशवी दिली. “हे तू कर.” मी धन्य झाले. मला वाटलं, माझा हात सुधारला.

पुढे काही वर्षांनी शिवणखोली बंद झाली. चादरी बाहेरून यायला लागल्या, फाटल्या की फेकायच्या. इर्मा निवृत्त झाली आणि हॅरोतल्याच एका वृद्धाश्रमात राहायला गेली. मी दर गुरुवारी लोणचं घेऊन जायची. फोटो तिथेही भिंतीवर आला, तसाच एका टाचणीवर. मी समोर बसून तो दर गुरुवारी बघायची आणि दर गुरुवारी दुसरीकडे बघायची.

नव्वदच्या दशकात धाकटी लेक नोकरीला म्युनिकला गेली. तिच्याकडे गेलो तेव्हा मी म्हटलं, मला एक दिवस न्यूरेंबर्गला न्या. पर्स तीच होती, मी काही टाकत नाही. कागदही होता. या वेळी मी आधी नकाशा उघडला.

कारंजं. बरोबर चर्च. मागे दुसरी गल्ली. डाव्या हाताला पहिलं घर, दुसरं घर, आणि तिसऱ्याच्या जागी काहीच नाही. एक लहानशी मोकळी जागा. एक चेस्टनटचं झाड, दोन बाक, सायकली लावायचा कठडा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला लेकीने विचारलं. तो म्हणाला, आजूबाजूचं सगळं पुन्हा उभं केलं, हे तेवढं लढाईपासून असंच आहे. इथलं कुणी मागितलंच नाही.

मी तिथे उभी राहिले. हळदकुंकू होतं पर्समध्ये, पण वाहणार कशावर? थंडी होती. लेक आणि डॉक्टर गाडीपाशी थांबले होते. एका बाकावर एक बाई ब्रेड खात होती. तिने माझ्याकडे बघून थोडं सरकून जागा केली.

परत आल्यावर गुरुवार यायची वाट न बघता मी इर्माकडे गेले. ती खूप खंगली होती. कोट न काढताच मी सांगून टाकलं. पुऱ्या, बाहुल्या, कडी, बिस्किटं, भलतंच चर्च, सगळं. “फोटो दुसऱ्याच कुणाच्या घराचा आहे, इर्मा. तुमचं घर तिथे नाही. मी खोटं बोलले.”

“घर नाही, ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “गावाने पत्र पाठवलं होतं, खूप वर्षांपूर्वी. जागा हवी का म्हणून. मी नको लिहिलं.”

“मग मला पायरी बघायला का सांगितलंस?”

“काहीच नसलेलं बघायला कोण जातं, सूमान? दीड तासात?” ती म्हणाली. “पायरी सांगितली तर तू जाशील असं वाटलं. मला कुणीतरी तिथे उभं राहायला हवं होतं.”

मग ती म्हणाली, “फोटो काढ.”

मी टाचणी काढली.

“उलटा कर.”

मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, इंग्रजीत, तिच्या टाक्यांसारख्या बारीक अक्षरांत: आमची नाही. पण घासलेली आहे.

“तुला वाचता यावं म्हणून इंग्रजीत लिहिलं,” ती म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी. एकाच टाचणीवर ठेवला, उलटता यावा असा.”

नऊ वर्षं तो फोटो माझ्या नाकासमोर फडफडत होता. तळघरात रोज, आश्रमात दर गुरुवारी. तिच्याकडून सगळं शिकले म्हणून मी लोकांना सांगत होते.

“या वेळी किती वेळ उभी राहिलीस?” तिने विचारलं.

“अकरा मिनिटं,” मी म्हटलं. “थंडी होती. आणि डॉक्टरांना गाडीच्या पार्किंगची काळजी.”

ती हसली. मी तिला झाड सांगितलं, बाक सांगितले, ब्रेड खाणारी बाई सांगितली. तिने डोळे मिटून ऐकलं.

“झाड कुठल्या बाजूला?”

“गल्लीकडून बघितलं तर उजवीकडे.”

“स्वयंपाकघर,” ती म्हणाली.

नर्स चहा घेऊन आली तेव्हा मी उठले. लोणच्याची बरणी खिडकीत ठेवली. दारापाशी जाऊन मागे वळून बघितलं. मी गेले असंच तिला वाटलं असावं. पांघरुणाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. सावकाश ती उलटी केली, डोळ्यांजवळ नेली, आतली शिलाई बघितली आणि नापसंतीने मान हलवली.

पुढच्या गुरुवारी आश्रमातल्या बाईंनी दारातच माझ्या हातात एक पिशवी दिली. “तिचं दुसरं कुणी नव्हतं,” त्या म्हणाल्या. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी करड्या कार्डिगनची बाही कापली होती. पिशवी उघडून मी आत हात घातला.